निघोज्याची निळी ब्रिटिश

१२ जानेवारी, रविवार
निघोज्याला जाऊन ती ब्रिटिश मोटरसायकल बघून आलो. निळी, तीन सिलिंडरची, सहाशेपंच्याहत्तर सीसी. कॉलेजात असताना लातूरच्या खोलीत हिचाच फोटो भिंतीवर होता. प्रत्यक्षात पहिल्यांदा हात लावला. ऋतुजा नावाच्या मुलीची गाडी. ती नोकरीसाठी जर्मनीला गेली, विकायचं काम वडिलांवर टाकून. बापू म्हणतात त्यांना सगळे. जमीन कंपन्यांत गेली, आता खोल्या भाड्याने देतात.
मी पोचल्या पोचल्या बापू म्हणाले, "घ्यायची आसंल तर घ्या, पन लई रडवती ही. मधीच चार्जिंग बसतं, उन्हात तापती, आन् पार्ट विलायतेवरनं येस्तवर मानूस म्हातारा हुतो."
विकणारा माणूस इतकं खरं बोलतो? तरी तिथून पाय निघेना.

१४ जाने.
घरी बायको, वैशाली, म्हणाली, "इथे चाकणला एवढ्या गाड्या बनतात, त्यातली घ्या ना. सर्व्हिसिंग घराजवळ. जुनी परदेशी कशाला?" बरोबर आहे तिचं. शिफ्टला जाताना नव्या गाड्यांचे ट्रक रोज दिसतात. बघून काहीच होत नाही. त्याला काय करू.

१८ जाने.
पिंपळे गुरवला दत्ताभाऊच्या गॅरेजवर. "इंजिन दणकट आहे राव. चार्जिंगचा रेग्युलेटर जातो कधीकधी, तो बदलला की विषय संपला. व्हॉल्व्हचं काम मात्र जाणकाराकडेच द्यायचं. आणि पार्टला दोन महिने लागले तर चिडायचं नाही. रोज कंपनीत न्यायची गाडी नाही ती."
म्हणजे अडचणी आहेत, पण रडवण्याएवढ्या नाहीत. मग बापू असं का...

२६ जाने.
सुट्टी. दत्ताभाऊला घेऊन निघोजे. त्याला बघून बापू जरा वरमलेच. मीटर लावून पाहिलं, चार्जिंग ठीक. बराच वेळ चालू ठेवली. तापली, पंखा लागला, थंड झाली. ऑइल स्वच्छ.
"बापू, हिला काहीच झालेलं नाही."
बापूंनी किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "व्हय. न्हाई झालं." आधी आलेल्या गिऱ्हाइकांनाही तेच सांगून वाटेला लावलं होतं. दर रविवारी स्वतः चालू करून बसतात शेजारी. "पोरगी डूटीवरनं यायची तवा लांबनंच आवाज कळायचा. मंडळी च्या ठिवायची चुलीवर. आता आवाजच तेवढा ऱ्हायलाय."
परतताना दत्ताभाऊ एवढंच म्हणाला, "गाडी पास आहे. पुढचं तू बघ."

२ फेब्रु.
ऋतुजाला फोन केला, बापूंचा जीव गाडीत आहे म्हणालो. वाटलं, 'राहू द्या' म्हणेल. उलट म्हणाली, "दादा, घेऊनच टाका. उभी राहून खराब होईल." मग हळूच, "मी इथेच राहणार आहे आता. बाबांना अजून सांगितलं नाही. तुम्हीही बोलू नका."
हे मला का सांगितलं तिने? मी वैशालीलाही सांगितलं नाही.

९ फेब्रु.
आज बापूंनी आपणहून किल्ली दिली. "एक चक्कर मारा. बगा तरी."
कुरुळीपर्यंत गेलो. मनगटं दुखली, वाकून कंबर गेली, सुरुवातीला गुडघा कुठे ठेवायचा कळेना. आणि तिसऱ्या गिअरात इंजिन जे गायला लागलं... हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो. चाळिशी उलटलेला माणूस.
परत आलो तर बापू रस्त्यावर येऊन उभे. "दुसरा गेर लौकर टाकता तुमी. पोरगी पहिल्यातच वडायची गाडी."
गाडी मीच पडवीत लावली. त्यांनी फडक्याने टाकी पुसली, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मे महिन्यात परत यीन म्हनलीय ती. तवर थांबता का? मग तुमचीच."
ती तिकडेच राहणार हे माहीत असून म्हणालो, "थांबतो की बापू."

१० फेब्रु.
सकाळी ऋतुजाचा मेसेज: "झाला का व्यवहार, दादा?"
दुसरी शिफ्ट करून आलो. अजून उत्तर दिलेलं नाही. कानात तिसरा गिअर.