सर्वांसाठी 'सोपी'

२ नोव्हेंबर, सकाळी ७
पुण्याची नोकरी सोडून मालवणात आलो, त्याचं आज सार्थक. वेबपेजवर हालचाली करून देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहायला घेतली. नाव 'सोपी'. ज्याला कोड येत नाही त्यानेही पंधरा मिनिटांत वापरावी. ती वापरणारी पहिली डिझायनर घरातच: बायको रोशेल, पत्रिका आणि दुकानांचे बोर्ड करते. वरच्या दोन खोल्यांत नाताळपासून होमस्टे सुरू करतेय. साइट तीच बनवणार, माझ्या लायब्ररीवर.

३ नोव्हेंबर
नियम: सूचना एका पानात.

११ नोव्हेंबर
सूचना एकोणीस पानं. फॉन्ट मोठा आहे.

१२ नोव्हेंबर
रोशेलला शिकवलं. तिला खोल्यांचे फोटो एकामागून एक सरकवायचे होते. मी 'फंक्शन म्हणजे काय' पासून सुरुवात केली. दीड तासाने म्हणाली, "ब्लेझ, फोटो खंय सरकतत?" म्हटलं, ते चौथ्या प्रकरणात. लोकांना धीर नाही.

१८ नोव्हेंबर
कमांड मालवणीत केल्या: दाखय, लपय, सरकय. दारावर मासे घेऊन येणाऱ्या यमुनाबाईंवर चाचणी. 'लपय' दाबलं, बांगड्याचा फोटो गेला. "खंय गेलो?" म्हटलं, तिथंच आहे, दिसत नाही. "मगे लपयलंस कित्याक?"
नोंद: प्रश्न ॲडव्हान्स्ड. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.

२९ नोव्हेंबर
रोशेल रोज दुपारी लॅपटॉप घेऊन गच्चीवर. सूचना वाचत असणार. डिस्टर्ब केलं नाही.

८ डिसेंबर
साइट तयार! फोटो सरकतात, खोली रिकामी आहे का तेही दिसतं. जिल्ह्यातल्या डिझायनरांसाठी वर्ग जाहीर करून टाकला. विषय: 'सोपी'.

१० डिसेंबर
वर्गात दाखवायला साइटचा कोड उघडला. 'सोपी' कुठेच नाही.
रोशेलला विचारलं. तिसऱ्या पानावरच सोडली म्हणे. व्हिडिओ बघून साधी जावास्क्रिप्ट, म्हणजे कोडची मूळ भाषाच, शिकली. "ती तुझ्यापरास सोपी आसा रे."
जेवलो नाही.

११ डिसेंबर
नीट विचार केला. माझी लायब्ररी नसती, तर ती वैतागली नसती. वैतागली नसती, तर शिकली नसती. म्हणजे 'सोपी' यशस्वी. भरपेट जेवलो.

१४ डिसेंबर
साइट बघून अकरा जण आले. सगळ्यांनी रोशेललाच विचारलं, म्हणून शिकवलं तिनेच. मी शेवटच्या बाकावर. मधे बोलायचं नाही अशी अट. सर्वांना जावास्क्रिप्टच्या दोन ओळी लिहायला दिल्या. माझ्या पहिल्या फटक्यात चालल्या. रोशेल सर्वांदेखत म्हणाली, "बरां केलंस."
माझा कोड आज पहिल्यांदाच कोणाला तरी समजला.