अठ्ठेचाळीस वर्षांची गाडी

नाचणगाव,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय अमरदादा,

जय सेवा. तू बरा असशील. इकडे घरी सगळे ठीक. थंडी यंदा लांबली आहे. तूर सोंगून झाली, आईचे गुडघे कुरकुरतात पण ऐकत नाही, शेतात जातेच. मला सध्या पुलगाव-आर्वी फेरी दिली आहे. सकाळच्या गाडीला कॉलेजची पोरं इतकी असतात की तिकीट फाडायला हात वर काढता येत नाही.

चंदन परवा, मंगळवारी, मस्कतला परत निघतोय. तुझ्याच गल्लीत राहतो म्हणून हे पत्र त्याच्या हाती देणार आहे. फोन का केला नाहीस, असं मात्र विचारू नको. डिसेंबरपासून मी किती केले ते तुझ्याच फोनमध्ये दिसेल. तू आधी उचलायचा नाहीस, मग नंबरच लागेनासा झाला.

काय लिहू? मघापासून दोनदा उठून अंगण झाडलं.

बाबांच्या डोळ्यांचं सांगते. सेवाग्रामला दाखवलं. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब टाकून टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. हे तुला ठाऊकच आहे. त्यापायीच तर तू घाई केलीस.

दादा, तू बाबांसाठी पाठवलेली गाडी गेली. कस्टमवाल्यांनी नागपूरहून ट्रेलर आणला होता. बाबा स्वतः चावी घेऊन बाहेर आले. "गिअर जड हाय, हळू टाकजा," असं त्या माणसाला सांगत होते. तो म्हणाला, "काका, चालवायची नाही, ओढून न्यायची आहे." बाबा बाजूला झाले. अख्खा मोहल्ला बघत होता.

तिचं येणं आठवतं का तुला? तू व्हिडिओ कॉलवर होतास. तुझ्या दोस्ताच्या, धनंजयच्या वर्कशॉपात पेट्या उघडल्या आणि एकेक तुकडा बाहेर आला. तो चौकोनी चेहरा, ते गोल दिवे, पांढरं छप्पर. दारांच्या फटींतून तिकडची वाळू गळत होती, पिठासारखी बारीक. बाबा खाली बसून ती बोटांनी चाळत होते. ते पंचविशीत होते तेव्हा आष्टी-कारंजाच्या डोंगरांत विहिरींच्या पाण्याचा सर्व्हे करायला परदेशी माणसं आली होती, त्यांची अशीच लँड क्रूझर बाबा दोन वर्षं चालवत होते. आपण लहानपणी गोष्ट सांगा म्हटलं की हीच गोष्ट. नाल्यातून गाडी कशी चढली, साहेब कसा घाबरला, बाबा कसे हसले. पुढे जंगल खात्याच्या जीपा चालवत रिटायर झाले, पण गाडी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तीच.

तू ती तिकडच्या निझवा गावातल्या कुण्या म्हाताऱ्याकडून मिळवलीस, तेव्हा मीही नाचले होते, दादा. खोटं कशाला बोलू. इंजिन पहिल्यांदा लागलं तेव्हा धनंजयच्या शेडचे पत्रे थरथरले आणि बाबा रडले. पोळ्याला बैलांना पुसलं नव्हतं इतकं त्यांनी तिला पुसलं. आम्ही गिरडला गेलो होतो, शेख फरीदबाबाच्या दर्ग्यावर. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आई पुढे चुकीच्या बाजूला, ड्रायव्हरच्या जागी बसली होती, म्हणून सारखी हसत होती. टेकडीचा रस्ता गाडीनं असा चढला, जणू उतारच आहे. वर लोकांनी गराडा घातला. बाबा तरण्या पोट्ट्यासारखे उभे होते, बॉनेटला टेकून.

उतरताना डाव्या अंगानं एक बकरी आली. बाबांना ती दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून वाचली. हे मी तुला सांगितलं नव्हतं.

आता बस. जेवायला बसायचं आहे, आई हाक मारतेय. उरलेलं नंतर.

---

त्याच रविवारी, दुपारी

जेवले नाही. तुला लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही असं वाटतंय.

पकडलं कसं ते तुला पूर्ण कळलं नसेल. नागपूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, बाबांना राहवलं नाही. धनंजयनं नेऊन दिली. तिथे शौकीन लोक येतात, वाकून खालून बघतात. एकानं विचारलं, "काका, ही आपल्या देशात कधी आली?" बाबा छाती काढून म्हणाले, "माह्या पोरानं मस्कतहून पाठवली. औंदाच." आणि नंबरप्लेट होती त्र्याऐंशी सालच्या, कुठल्याशा मेलेल्या जीपची. तुझ्या मुंबईच्या एजंटनं दिलेली. पुढच्या आठवड्यात कस्टमची माणसं दारात.

वकिलांनी मला बसवून समजावलं. मी कंडक्टर, मला हे कशाला माहीत असणार? वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असली की बाहेरून सहजासहजी आणता येत नाही. मात्र पन्नास वर्षं उलटली की ती जुनी, जपायची वस्तू होते. मग आणता येते. त्यावर भरमसाठ कर भरायचा, वेगळा नंबर घ्यायचा, आणि तरी ती रोजच्या रस्त्यावर फिरवायची नाही, प्रदर्शनाला-रॅलीला तेवढी काढायची. आपली गाडी अठ्ठ्याहत्तरची. अठ्ठेचाळीस वर्षांची. मी म्हटलं, "म्हणजे दोनच वर्षं कमी पडली?" वकील म्हणाले, "दोन असो की दोन महिने. आणि कापून, सुटे भाग म्हणून आणली, तरी कायद्याला ती गाडीच दिसते. वर खोटा नंबर. तो तर सरळ पोलिसांचा गुन्हा."

दोन वर्षं. तोवर बाबांची नजर राहिली नसती. तुझं मन मला कळतं रे. तू बाबांना दिसतंय तोवर द्यायला निघालास. त्यात वाईट काय होतं, असं मी स्वतःला रोज विचारते.

मग धनंजयच्या रक्षावहिनी बसमध्ये चढतात आणि माझं उत्तर अडकतं.

धनंजय वर्ध्याच्या तुरुंगात आहे. हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत असूनही तू गप्प असशील, असा विचार मनात आला की मी तो ढकलून देते. भाग मागवायला फर्मचं नाव लागतं म्हणून तू त्याचं वर्कशॉप पुढे केलंस. "यार, तू फक्त सही कर, बाकी एजंट बघते," असं तू स्पीकरवर म्हणालास, तेव्हा मी तिथेच चहा घेऊन उभी होते. त्यानं सही केली. शाळेपासूनचा मित्र म्हणून. एकदाही उलटून विचारलं नाही. एजंट आता फरार आहे. धनंजयनं पोलिसांना तुझं नाव सांगितलं. त्यांनी तुला फोन केला, तर तू म्हणालास, मला काही ठाऊक नाही, मी फक्त बापाला पैसे पाठवले.

आणि बाबांनी तेच सांगितलं. "पोरानं पैसे धाडले, गाडी म्या धनंजयपासून घेतली." प्रदर्शनात बोललो त्याचा अर्थही तेवढाच, असं म्हणाले. दोघं एक बोलले, तो एकटा पडला. शेडला सील लागलं आहे.

गेल्या गुरुवारी माझी बदली फेरी होती, वर्ध्याची. स्टँडवर रक्षावहिनी चढल्या, हातात डबा. मी तिकीट मशीन घेऊन त्यांच्यासमोर उभी. दोन वेण्या घालून ज्यांच्या लग्नात मी नाचले, त्या बाईला मी विचारते, "कुठं?"

"तुले नाई माहीत कुठं?" त्या म्हणाल्या.

मी तिकीट काढून दिलं. बस भरलेली. देवळीला गर्दी उतरल्यावर मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "अंजू, तू तिथं होती न व त्या दिवशी? चहा तूच आणला होता. तुह्या भावाचा आवाज तू आयकला. मग काऊन गप हायेस?"

मी घंटी मारली आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिले, वर्धा येईपर्यंत.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "परक्याच्या लेकरासाठी आपलं लेकरू देऊ नोको. धनंजय सुटतेच आज ना उद्या. अमरचं नाव लागलं त त्याले आपल्या मातीत पाय ठेवता येणार नाई." तिचंही खोटं नाही. चार वर्षांत तिनं तुला फक्त मोबाइलच्या काचेत पाहिलं आहे.

दादा, मी उद्या रजा टाकली आहे. वर्ध्याला जाणार आहे, तपास करणाऱ्या मॅडमकडे. मी जे ऐकलं ते सांगणार आहे. हेच लिहायला सकाळपासून बसले होते.

---

मंगळवार, २० जानेवारी

चंदन जेवून येतो म्हणाला, तेवढा वेळ आहे.

काल सकाळी निघाले तेव्हा आई चुलीपुढून उठली नाही. मी पायात चपला घालत होते. बाबा ओट्यावर बसले होते, स्वेटर, मफलर, धुतलेलं धोतर. मला वाटलं, दवाखान्याची तारीख मी विसरले की काय.

"मले घेऊन चाल," बाबा म्हणाले.

"कुठं?"

"तू जाते तिथं."

बसमध्ये खिडकीशी बसले. पुलगाव मागे पडलं. मी म्हटलं, "बाबा, मला अडवू नका." तर म्हणाले, "म्या कुठं अडवलं? मले एकट्याले पायऱ्या दिसत नाईत, म्हणून तुह्यासंगं."

मॅडमच्या खोलीत मी बोलायला सुरुवात केली. माझं नाव, गाव, धंदा. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही प्रत्यक्ष काय ऐकलंत?" मी वर्कशॉप, चहा, स्पीकर इथवर आले आणि तुझं नाव घ्यायचं तिथे थांबले. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. हे तुह्यं काम नोहे. मी सांगतो."

आणि सांगितलं. "मॅडम, मागं मी खोटं बोललो. गाडी माह्या पोरानं धाडली. अमर घनश्याम कुमरे. त्यानंच कापाले लावली, त्यानंच एजंट धरला. धनंजयले कागदातलं कायी समजत नोहतं, त्यानं भरवशावर सही केली. पोरानं हे माह्यासाठी केलं. मले दिसत राह्यलं तोवर चालवाची होती. ते बी लिहा."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, आधी खोटं सांगितल्याबद्दल तुमच्यावरही केस येईल."

"येऊ द्या," बाबा म्हणाले. "कोनाच्या लेकराले आत ठेवून मी घरी झोपू नाई राह्यलो."

सही करताना कागद कुठे संपतो ते त्यांना दिसत नव्हतं. मी बोट ठेवलं, त्याच्यावर त्यांनी केली.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि रडले. कशासाठी ते अजून कळत नाही. तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही, याचं बरं वाटलं, आणि बाबांच्या तोंडून निघालं याचं वाईट, दोन्ही एकदमच.

वकील म्हणतात, या जबाबावर धनंजयला शुक्रवारी जामीन मिळायला हरकत नाही. काल संध्याकाळी आम्ही रक्षावहिनींकडे गेलो. बाबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. वहिनींनी आत या म्हटलं नाही, पण पाटावर पाणी आणून ठेवलं. बाबांनी ते घेतलं.

आता तुझं. तुला समन्स येईल. तू स्वतःहून आलास, खरं सांगितलंस, कर आणि दंड भरायची तयारी दाखवलीस, तर फरक पडतो, असं वकील म्हणाले. नाही आलास तरी प्रकरण चालणारच, फक्त मग तुझा पासपोर्ट, तुझी नोकरी, सगळ्यालाच कायमची टांगती तलवार. गाडी काही परत मिळणार नाही. तिचा विचार सोड.

आई कालपासून आमच्या दोघांशीही बोलत नाही. पण आत्ता मी लिहितेय हे पाहून माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्याले लिही, येऊ नोको. तिकडंच राह्य, सुखी राह्य." तेवढं बोलून आत गेली. बाबा ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "माह्यं बी लिही. म्हण, येजो. मी कोर्टात त्याच्याजवळ उभा राहीन."

दोघांचंही जसंच्या तसं लिहिलं आहे.

माझं विचारशील तर मला झोप नाही, दादा, आणि तू आल्याशिवाय ती येणार नाही. येशील तर नागपूरच्या विमानतळावर मी एकटी येईन. नाही आलास, तर पुढच्या फेरीला रक्षावहिनी आणि धनंजय दोघं माझ्या बसमध्ये बसतील आणि तुझ्याबद्दल विचारतील, तेव्हा त्यांना काय सांगू तेवढं कळव.

चंदन आला.

जिनं तुझा आवाज ऐकला होता आणि अजून ऐकायचा आहे, ती तुझी,
अंजू