काबलरवर आमटी मागितल्याबाबत व इतर व्यवस्था

मी, म्हस्कू बिरा मदने, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी फौजेत स्वयंपाकी व हल्ली शेती आणि शेळ्या, राहणार पिंपळी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, असे लिहून ठेवतो की हा कागद मी राजीखुशीने करतो आहे, मला कोणी पाजलेले नाही की दमात घेतलेले नाही, आणि माझी अक्कल ठिकाणावर आहे. शेवटच्या मुद्द्याला माझी पत्नी सारजा हिची हरकत आहे. ती समोर बसून मटकी निवडते आहे. म्हणते, "लिव्हा लिव्हा. अक्कल हाय म्हणून लिव्हून द्यावं लागतंय, ह्यातच समदं आलं."

कलम १. राहते घर सारजाच्या हयातीपर्यंत सारजाचे. तिच्या मागे मुलगा विजयसिंह याचे. ती जिवंत असेपर्यंत तिच्या परवानगीशिवाय त्याने भिंतीला खिळासुद्धा मारू नये. मला पंचेचाळीस वर्षांत एकच मारू दिला, तोही वाकडा गेला.

कलम २. कॅनॉलकडची अडीच एकर जमीन विजयसिंहची. ऊस लावायचा तर लाव बाबा, पण बांधावरची बाभळ तोडू नको. आपल्या बापजाद्यांनी मेंढरं घेऊन मुलुख पालथा घातला, त्यांना कोणी सावली दिली असेल तर तिनेच.

कलम ३. शेळ्या सारजाच्या. ती माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलते. फक्त काळी शेळी पिलांसह माझी पुतणी म्हाळसा, सासर पणदरे, हिला द्यावी. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. माझा लोखंडी ट्रे, लाकडी उलथणे व काबलरची कृती नात छकुली हिला. ती नऊ वर्षांची आहे, पण घरात चव कळणारी तेवढीच एक आहे.

कृती अशी. राणीखेतला मेसमध्ये असताना मेजरसाहेबांच्या बाईंनी मला ही शिकवली. त्या कॉबलर म्हणत, पिंपळीत त्याचे काबलर झाले. याला आडू नावाचे डोंगरी फळ लागते. जर्दाळूचा थोरला भाऊ समजावा. अंगावर लव, पोटात दगडासारखी कोय. फळ उकळत्या पाण्यात बुचकळले की साल आपसूक सुटते. फोडी ट्रेमध्ये पसराव्यात, साखर, लिंबू, जराशी दालचिनी. मग मैदा, लोणी, दूध व चिमूटभर खायचा सोडा एकत्र करावा. मळू नये. पुन्हा लिहितो, मळू नये. आपल्या बायकांना पीठ दिसले की हात शिवशिवतात. चमच्याने सैलसर गोळे फोडींवर सोडावेत आणि ट्रे बारामतीला बेकरीत न्यावा, उन्हाळ्यात बाया रवा-तूप नेऊन बिस्किटे भाजून आणतात तसाच. कडेने रस बुडबुडला, वरचे कवच खरपूस झाले, की काढावे. गरम असताना सायीबरोबर खावे. आडू न मिळाल्यास इंदापूरकडचे पेरू घ्यावेत, बिया काढून.

कशाबरोबर खाऊ नये ते खाली येते आहे.

कलम ५. सन १९८७ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ भीमा याच्या मुलीचे, म्हाळसाचे, लग्न झाले. पणदऱ्याचे वऱ्हाड. भीमा म्हणाला, "तात्या, गोडाचं तूच बघ. बुंदी तर कुनीबी करतंय." एवढ्या एका वाक्यावर मी हवेत गेलो. पुण्याच्या मार्केटातून दोन पेट्या आडू आणले. वऱ्हाडाच्या पहिल्या पंगतीपुरते, चाळीस ताटांचे काबलर बेकरीत भाजून गरमागरम मांडवात आणले.

मुहूर्त संध्याकाळचा, म्हणून पंगत आधी बसली. मी स्वतः वाढले. नवरदेवाचे चुलते बापूसाहेब पहिल्या पाटावर. त्यांनी काबलरकडे पाहिले, वरचे कवच बोटाने दाबले, आणि भाकरी कुस्करावी तसे पाची बोटांनी कुस्करले. मधोमध आळे केले. मग वर न बघता हाक मारली, "आमटी आन रं हिकडं!"

त्यांचे पाहून सगळी रांग कुस्करू लागली. आमटीची बादली आली. आणि मी, वधूचा थोरला चुलता, बापूसाहेबांच्या ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसलो.

"पाव्हणं, ह्यावर आमटी न्हाय घालायची."

"माझ्या ताटात काय घालायचं त्ये तुमी सांगनार?"

"फौजेत कर्नलसुद्धा सायीबरोबर खात हुते."

"मग कर्नलालाच पोरगी द्यायची हुती!"

असे म्हणून बापूसाहेब ताटावरून उठले. पहिला उठला की वऱ्हाड उठते. चाळीस माणसे उठली. भीमाने आपले पागोटे बापूसाहेबांच्या पायांवर ठेवले, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. काबलर शेळ्यांनी खाल्ले. भीमा मला एवढेच म्हणाला, "तात्या, तुज्या त्या पोळीपायी माजी पोर मांडवातनं माघारी आली असती." त्याचे घर माझ्या घरासमोर आहे. मध्ये बैलगाडीएवढा रस्ता. नऊ वर्षे झाली, तो माझ्याशी बोललेला नाही. माझ्या अंगणात पाऊलही ठेवलेले नाही.

कलम ६. चूक माझी होती, हे मी शुद्धीवर असताना लिहितो. माझ्या तेराव्याला काबलर करावे व ज्याला आमटी घालून खायची त्याला वाढणाऱ्याने अडवू नये. घरात कोणी नसताना मी एकदा घालून पाहिली. याबाबत मला अधिक काही लिहायचे नाही.

बापूसाहेबांची माफी मी गेल्या महिन्यात एस.टी.ने पणदऱ्याला जाऊन मागितली. ते खाटेवर पडून होते. म्हणाले, "कंचं लगीन?" मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "मी पाच-सा पंगतीतनं उठलोय. तुमची कंची ती ध्यानात न्हाय. च्या घ्या."

कलम ७. विहिरीतला माझा हिस्सा भीमाला द्यावा असे मनात होते. पण बारामतीचे वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला द्यायचं त्याला साक्षीदार करू नका, पुढे भांडणं होतात. आणि साक्षीदाराने तुमच्या समोर बसून सही करायला हवी." मी तीन दिवस विचार केला. हिस्सा दिला तर तो मी मेल्यावर घेईल, माझ्याशी न बोलता. साक्षीदार केला तर त्याला जिवंतपणी माझ्या ओट्यावर बसावे लागेल. म्हणून हिस्सा विजयसिंहला, आणि दुसरा साक्षीदार भीमा.

येथपर्यंत दिनांक ४ मे १९९६ रोजी लिहून झाले. पहिले साक्षीदार, दूध डेअरीचे सेक्रेटरी दादासो, यांनी माझ्यासमोर सही केली. मग मी कागद घेऊन रस्ता ओलांडला व भीमाच्या दारात उभा राहिलो. म्हटले, "भीमा, सही पायजे. सरकारी काम हाय. बोलू नगंस, नुसती सही कर."

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "वाचल्याबिगर न्हाय करनार." आणि चप्पल घालून माझ्या मागे आला.

दिनांक ५ मे. काल भीमाने ओट्यावर बसून पहिले पान वाचले. चौथीपर्यंत शिकलेला आहे, बोट ठेवून वाचतो. आज दुसरे.

दिनांक ९ मे. कलम ५ वर तक्रार. "मानसं चाळीस न्हाय, बेचाळीस उठली. दोन वाजंत्री." दुरुस्ती मान्य.

दिनांक १४ मे. सगळे वाचून झाले. कलम ६ दोनदा वाचले. चहा घेतला. सही उद्या म्हणाला.

दिनांक २ जून. दादासो रोज विचारतात, कागद पुरा झाला का. आज सारजाने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलेच, "भावजी, करा की सही येकदाची. म्हयना झाला."

भीमाने बशीत चहा ओतला. फुंकर मारली. म्हणाला, "वैनी, सही केली की ह्यो मराया मोकळा झाला. राहू द्या तसंच."

मी त्याला परत सही मागितलेली नाही.

ठिकाण: पिंपळी, ता. बारामती, जि. पुणे.

दिनांक: ४ मे १९९६ (खोडले). १५ मे (खोडले). ३ जून (खोडले). पुढचा दिनांक भीमा घालेल.

लिहून ठेवणार: म्हस्कू बिरा मदने, सही.

साक्षीदार १: दादासो, दूध डेअरी, सही.

साक्षीदार २: भीमा बिरा मदने. (आत्ताच चहा पिऊन गेला. उद्या येतो.)