जपानचा डॉलर आणि चंद्रभागेचा

नार्नूर, जुलै १९९७

आदरणीय रामाजीभाऊ यांना नार्नूरहून भिवाजीचा मनापासून जय भीम. द्वारकावहिनींनाही जय भीम. त्यांचा गुडघा आता कसा आहे? आणि तुमचा खोकला? (मंचेरियलची हवाच अशी, की माणूस खाणीच्या कचेरीत बसून कारकुनी करत असला तरी खाली उतरल्यासारखा खोकतो.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे मी आहे. तुमची बहीण चंद्रभागा माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिचं नक्की सांगता येत नाही.

भाऊ, शांतपणे लिहायचं ठरवून बसलो होतो, पण ते जमत नाही. जगाचं अर्थकारण आपल्या गल्लीत येऊन गेलं! झालं असं, की मागे रेडिओवर ऐकलं, जपानकडे डॉलरचे ढीग साठलेत आणि तिथलं कुणी मोठं माणूस बोलून गेलं, की हे विकून टाकण्याचा मोह होतो. नुसता मोह हो! तेवढ्यावर अमेरिकेचा बाजार धाडकन खाली! आता अशी बातमी एकट्यानं पोटात ठेवायची का? शाळा सुटताच बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो आणि जमलेल्यांना समजावलं, की बाबांनो, एका सरकारनं डॉलर काढले की दुसरं घाबरेल, दुसऱ्याचं पाहून तिसरं काढेल, आणि जो मागे राहील त्याच्या हाती माती. (खताचा भाव विचारायला आलेले दोघे होते, त्यांचा चहा गार झाला तरी उठले नाहीत.) घरी आलो तर ओट्यावर चंद्रभागेपाशी शेजारच्या वच्छलाबाई आणि गल्लीतल्या बायका बसलेल्या. आयते श्रोते कोण सोडतो? पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डॉलर पडणार, शहाणा असेल तो आजच विकेल, असं हात उंचावून म्हणालो. चंद्रभागेनं मध्येच विचारलं, “ज्याचा हाये त्याले इच्यारलं काय कोनी?” मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. तुम्हाला सांगायला नको, आपल्या भागात गळ्यातल्या साखळीला अडकवायच्या सोन्याच्या पदकालाही बायका डॉलरच म्हणतात. म्हणजे मी बोट दाखवत होतो अमेरिकेकडे आणि बायका पाहत होत्या आपापल्या गळ्याकडे!

दुसऱ्या दिवशी मी सातवीला व्याज शिकवत होतो, आणि इकडे सगळी गल्ली बापूजी सोनाराच्या दुकानात. पहिलीला त्यानं बरा भाव दिला. दुसरीला जरा हात आखडला. तिसरीच्या वेळी तो दचकलाच, एकदम सगळे डॉलर का निघाले म्हणून, आणि वच्छलाबाईंचा नंबर येईपर्यंत त्यानं भाव पार खाली आणला. हॉटेलात हे ऐकलं आणि मी आनंदानं टेबलावर थाप मारली. हेच तर मी सांगत होतो! अगदी हेच! त्याच भरात घरी आलो, तर चंद्रभागेचा गळा रिकामा. भाऊ, तुम्ही लग्नात दिलेला पिंपळपानाचा डॉलर! “मास्तर, तुमीच तं म्हनलं व्हतं इका,” वच्छलाबाई म्हणाल्या, “आमी सगळ्याच गेलतो.” पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. चपला उलट्यासुलट्या घालून सोनाराकडे पळालो.

म्हटलं, बापूजी, आमच्या घरचा डॉलर परत द्या, काय घ्यायचे ते पैसे घ्या. त्यानं डब्यावर हात ठेवला आणि मला नीट न्याहाळलं. “मास्तर, काल बायकायले इकाले लावलं, आज सोता घ्याले आले. खबर काय हाये ते सांगा ना!” मी सांगितलं, तो डॉलर कागदाचा, हा सोन्याचा. त्याला ते खोटं वाटलं. मग खरं तेच सांगितलं, की जपान विकणार नाही, कारण ज्याच्याकडे ढीग आहे त्यानं थोडा विकायला काढला तर त्याचाच उरलेला ढीग स्वस्त होतो. “म्हंजे भाव चढनार,” बापूजी म्हणाला आणि त्यानं कुलूप घातलं. डबा उघडून दाखवलासुद्धा नाही. तेव्हापासून मी रोज जातो, आणि मी गेलो की भाव वाढतो. आता तर मी रस्त्यानं चाललो तरी लोक सोन्याचं काय म्हणून विचारतात.

आषाढ पौर्णिमेला तुम्ही दोघं येणार. वहिनींची नजर आधी गळ्यावर जाते. पण खरं सांगू का भाऊ, मला भीती त्याची नाही. माझ्या बडबडीवर विश्वास ठेवून तिनं भावाची खूण मोडली, याचं फार वाईट वाटतं. असो. वहिनींना गुडघ्याला एरंडाचं पान बांधायला सांगा.

तुमचाच,
भिवाजी

ता. क. एक किरकोळ काम होतं. मला एक कार्ड टाका. पाकीट नको, उघडं कार्ड. पत्त्यात ‘मार्फत बापूजी सोनार’ घाला आणि मोठ्या अक्षरात लिहा, की जपाननं डॉलर विकायला काढले. उघडं कार्ड न वाचता पुढे देईल एवढा धीर बापूजीपाशी नाही. भाव पडला की मी दारात उभाच आहे. चंद्रभागेला यातलं काही कळू देऊ नका. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतो आहे, पण तिला परदेशी राजकारणाची गोडी नाही.

ता. क. दादा, जय भीम. मी चंद्रभागा. कार्ड टाकू नको. मी बायकायसंग गेलती, पन नुसती पाहाले. कडी झिजली म्हून डॉलर काढून जवारीच्या कोठीत ठेवला हाये. बाकीच्यायचे डॉलर बापूजीच्या बायकोनं घेतल्या भावानं वापसबी देल्ले. ह्यायनं रेडिओचं आयकलं, सोनाराले इच्यारलं, तुले एवढं पत्र लेह्यलं, मले एकडाव इच्यारलं नाही. तू देल्लेला डॉलर मी काऊन इकीन? जपानलेबी त्याच्या भावानं देल्ला असन, तं थो बी इकनार नाही.