दोन पावसाळ्यांचा गाळ

१७ जून, सोमवार
पत्र आलं. गोदावरी समुद्राला मिळते तिकडून एक बाई येणार. वरच्या धरणांमुळं आणि बदललेल्या पावसामुळं मुखाकडच्या जमिनीचं काय होतंय, त्याचा अभ्यास करून राहिल्या. आमच्या केंद्रात नदीच्या पाण्यातला गाळ मोजून लिहितो त्या सगळ्या नोंदवह्या दाखवाव्यात, असं वरून आलंय. सगळ्या. हा शब्द दोनदा वाचला.
गफूरभाई केंद्राची नाव चालवतात, माझ्याही आधीपासून. त्यांना वाचून दाखवलं.
"ते दोन पावसाळे बी?"
"सगळ्या म्हणलंय."
त्यांनी बिडी काढली होती, परत खिशात ठेवली.

१८ जून, मंगळवार
कपाट उघडलं. त्या दोन वह्या काढल्या. अक्षर माझंच. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकच पेन, एकच हात. बाकीच्या वह्यांत कुठं पाण्याचा डाग, कुठं चिखलाचा अंगठा. या दोन कोऱ्याकरकरीत. बघणाऱ्याला डोळे असतील तर वाचायचीही गरज नाही.
आजवर कुणाला सांगितलं नाही. इथं लिहिते. त्या साली पहिल्याच पुरात नाव उलटली. मी, गफूरभाई, बाटल्यांची पेटी, सगळं पाण्यात. मला पोहता येत नाही. गफूरभाईंनी वेणीला धरून काढलं. माझी लेक यशू पहिलीत होती, तिचे पप्पा जाऊन वर्ष झालं नव्हतं. नाव फुटली, नवी लवकर मिळेना. त्या वेळचे आमचे साहेब, माने (पुढं नुसतं मा.), म्हणाले, "जुन्या वर्षांचे आकडे थोडे खालीवर करून भर. गाळ काय बोलायला येणार हाय का?"
भरले. दोन पावसाळे. नदीत उतरावं लागत नाही म्हणून बरंच वाटलं होतं. हेही खरं, म्हणून लिहून ठेवते.

२० जून, गुरुवार
पद्मा मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या असतील. साधी सुती साडी, पायात रबरी चप्पल. त्यांची हिंदी तेलुगू वळणाची, गफूरभाईंची दखनी, दोघांचं लगेच जमलं. नावेतून मध्यापर्यंत गेलो. दोरीनं बाटली सोडली, वर काढली. त्यांनी ती उजेडात धरली. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, लहानपणी त्यांच्याकडं पुराचं पाणी चहासारखं यायचं, आता निवळ येतं. लोकांना वाटतं निवळ म्हणजे चांगलं.
किनाऱ्यावर येईपर्यंत मी नावेची कड सोडली नाही. त्यांना वाटलं मी नदीला भिते. म्हणाल्या, मी पण.

२१ जून, शुक्र.
दिवसभर वह्या. त्या वाचतात, मी पानं उलटते. मध्येच समजावून सांगतात, शाळेतल्या बाईसारखं. वरच्या धरणात पाणी थांबतं, गाळ तळाला बसतो. वीज तयार करून जे पाणी सोडतात त्यात माती नसते. मुखाकडची जमीन नदीनंच आणून टाकलेली, ती आपल्या वजनानं दरवर्षी थोडी बसते. नवी माती आली तर भरून निघतं. आली नाही तर समुद्र आत येतो. त्यात आता पाऊस सगळा दोनचार दिवसांत पडतो आणि मग दडी मारतो.
फोटो दाखवले. त्यांच्या गावची शाळा, भरतीला पायऱ्यांपर्यंत पाणी. वडलांची नारळाची झाडं, शेंडे जळालेले. विहीर खारट झालेली. वडील गाव सोडायला तयार नाहीत. म्हणतात, तुमचा कागद येऊ दे, कागदात धोका लिहिला तर उठतो.
मग त्या दोन वह्या आल्या. मी पाणी प्यायला उठले. परत आले तर त्या पेन्सिलीनं खुणा करत होत्या. म्हणाल्या, "अजीब है." वरचे नवे बंधारे ज्या दोन वर्षी झाले नेमकी तीच वर्षं, आणि गाळ जुन्याइतकाच. म्हणजे धरणांचा दोष तेवढा नाही, असं निघेल. वर गेलेल्या आमच्या आकड्यांवरून त्यांच्यावरचे लोक हेच धरून बसलेत. ही दोन वर्षं आहेत तोवर त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.
"आप ही ने नापा ना?"
मान हलवली. हो म्हणून हलवली.

२२ जून, शनि.
जेवण गेलं नाही. दोन विचार सारखे. नोकरी गेली तर यशूचं काय. आणि मॅडमच्या त्या म्हाताऱ्या वडलांचं काय.
उद्या लातूरला जाते. मा. ना विचारते. यशू त्यांच्याच क्लासला. निवृत्त झाल्यावर त्यांनी लातुरात फिजिक्सच्या शिकवण्या काढल्या. जागा नाही अशी पाटी असताना 'आपल्या केंद्राची पोरगी' म्हणून यशूला घेतलं. त्याचे उपकार आहेतच.

२३ जून, रविवार
लातूर. स्टँडपासून क्लासपर्यंत एक भिंत मोकळी नाही. सगळीकडं पास झालेल्या पोरांचे फोटो. चाचणी सुटली होती, पोरं रस्त्यातच उत्तरं जुळवत होती. एक पोरगी पायरीवर बसून रडत होती, शेजारची तिला पाण्याची बाटली देत होती.
मा. नी चहा मागवला. आवाज पहिल्यासारखाच गोड. सगळं ऐकून घेतलं.
"मी आकडे भर म्हणलो, ह्याला कागद हाय का?"
"न्हाई सर."
"अक्षर कुणाचं?"
"माझं."
"मग मला कशाला विचारून राहिली?"
ते कप बशीवर ठेवत म्हणाले, "यशोधरा हुशार हाय. ह्या वर्षी लागंल तिचा नंबर. असल्या वेळी पोरांचं चित्त हलू देऊ नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
मग यशूच्या होस्टेलवर. तिसरा मजला, खोलीत चौघी. म्हणाली, आई, तू अशी अचानक? मी म्हटलं, आठवण आली. तिच्या वह्या बघत बसले. तेवढ्यात खालून गुरगुर आली. खिडकीच्या काचा वाजल्या, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. क्षणभरच. पोरी चपला न घालता जिन्यानं धावल्या, खाली जाऊन हसायला लागल्या. मी कॉटवरून उठलेच नाही. यशू परत वर आली. मला धरून बसली. पंधरा मिनिटं तरी.

२४ जून, सोम.
रजा टाकली. कालचं जात नाही अंगातून. नांदेडच्या घरातही फरशीवर हात ठेवून बघते.
मी बारा वर्षांची होते. मोठ्या भूकंपाच्या आधी आमच्या गावाला हादरे बसायचे. भांडी वाजायची. गावातले लोक रानात झोपायला लागले, आम्ही पण. मग चावडीवर कुणीतरी कागद वाचून दाखवला की भिण्याचं कारण नाही. कोण होता, कुठल्या खात्याचा, आजही माहीत नाही. बाबा म्हणाले, शिकलेल्या माणसानं सांगितलंय. आम्ही घरात परत आलो. मी मामाकडं गेले होते म्हणून राहिले. आई, बाबा, धाकटा मिलिंद, तिघं दगडाखाली.
त्याच सर्टिफिकेटवर मला ही नोकरी लागली. भूकंपग्रस्त.
कागद वाचणाऱ्या त्या माणसाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या. त्याच्याकडंही कुणीतरी बसल्या जागी भरून दिलेला आकडा असेल का?

२६ जून, बुध.
गफूरभाईंना म्हटलं, मी सांगणार आहे. ते जाळ्याची गाठ सोडवत होते. गाठ सुटल्यावर म्हणाले,
"सांग. मैं बी बोलतो."
"तुमची दोन वर्षं राहिली नोकरीची, भाई."
"नाव दोन साल काठावर उलटी पडली व्हती. अख्ख्या गावानं तिच्यावर मिरच्या वाळवल्या. कुणाला म्हाईत न्हाई ते सांग."
खरंच. पुरावा सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होता, आणि मी वहीला भीत होते.
पण गावाला माहीत असणं वेगळं आणि खात्याला कळणं वेगळं.

२८ जून, शुक्रवार
मॅडमचा शेवटचा दिवस. सकाळपासून चार वेळा बोलायला गेले, चार वेळा भलतंच बोलले. एकदा चहाचं, एकदा धर्माबादच्या मिरचीचं. दुपारी त्या पिशवी भरायला लागल्या. मी दार लावून घेतलं. म्हटलं, ती दोन वर्षं खोटी आहेत. मोजली नाहीत. मी बसून लिहिली.
त्या खाली बसल्या. वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. पहिला प्रश्न, "क्यों?" नाव उलटल्याचं सांगितलं. साहेबांनी सांगितल्याचं सांगितलं. मी भ्याले हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पेन्सिलीच्या त्या खुणा रबरानं पुसत होत्या. एक एक.
म्हणाल्या, दोन वर्षं माझ्याशी भांडले लोक या आकड्यांवरून. मला वाटायला लागलं होतं, माझंच चुकतंय.
मी माफी मागितली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "लिख के देंगे?"
तोंडी सांगितलं की संपलं, असं वाटलं होतं मला. उद्या देते म्हटलं. त्यांनी गाडी उद्यावर टाकली.

२९ जून, शनि.
लिहून दिलं. दीड पान. तीन कागद फाडले. मा. चं नाव घालावं का यावर अडले. घातलं, कारण खरं तेच आहे. पण 'आकडे मी भरले' हे वाक्य आधी लिहिलं. सही. खाली गफूरभाईंचा अंगठा. मॅडम म्हणाल्या, ही चिठ्ठी जोडल्याशिवाय मी ती वर्षं काढू शकत नाही, आणि जोडली की तुमच्या खात्याला जाणार. समजतंय ना? समजतंय म्हटलं.
नांदेड स्टेशनवर सोडायला गेले. गाडी सुटताना त्यांनी हात धरला आणि लगेच सोडला.
घरी येऊन दाराला आतून दोन कड्या घातल्या. कशासाठी, माहीत नाही.

६ जुलै, शनि.
नोटीस आली. चौकशी. आत्ताच्या साहेबांनी लिफाफा देताना माझ्याकडं पाहिलं नाही. नंतर हळूच म्हणाले, "बाई, गप बसला असता तर कुणाला कळलं असतं?" मी म्हटलं, न्हाई कळलं असतं.
गफूरभाईंना पण आली. त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली, घडी करून टोपीत ठेवली.

९ जुलै, मंगळ.
यशूचा फोन. सरांनी बॅच बदलली. सकाळच्या बॅचमधून काढून संध्याकाळच्या मोठ्या वर्गात घातलं, शेवटचा बाक, फळा दिसत नाही. कारण सांगितलं नाही. "आई, तू सरांना काही बोललीस का?"
तेव्हा सगळं सांगितलं. नाव, वह्या, चिठ्ठी. पलीकडं पोरींचा पाठांतराचा आवाज येत होता.
"खरं हाय का हे? तू खोटं लिहिलंस?"
"हाव."
"दोन वर्षं?"
"हाव."
फोन ठेवला तिनं. मी लावला, उचलला नाही. नोकरीची भीती वाटत होती ती काहीच नव्हती, असं आता वाटतंय.

१० जुलै, बुध.
यशू फोन घेत नाही. होस्टेलच्या बाईंना फोन केला. जेवते, अभ्यास करते, म्हणाल्या. बोलायचं नाही म्हणते.
पद्मा मॅडमचा निरोप आला, दोन ओळी. अहवालातून ती वर्षं काढली, आता कागदात धोका येतो. वडलांना अजून सांगितलं नाही, आधी स्वतः गावी जाते.

१२ जुलै, शुक्र.
वर जोराचा पाऊस झालाय. धरणाची दारं उघडणार असा निरोप सकाळीच आला. पाणी चढून राहिलं. साहेब म्हणाले, चौकशी होईस्तोवर तुम्ही नावेत गेला नाहीत तरी चालेल, दुसरा माणूस बघतो. दुसरा माणूस दुपारपर्यंत आला नाही. मी गेले. गफूरभाईंनी माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक काठावरच्या बाभळीला. मध्यावर नाव आडवी झाली, पाणी आत आलं. मी ओरडले का, आठवत नाही. बाटल्या भरल्या. सगळ्या भरल्या. काठावर येऊन ओकले.
गाळून, वाळवून, तोलून नोंद केली. आकडा लहान आहे. एवढं पाणी, आणि माती एवढीशी. पान भिजलंय, शाई थोडी पसरली.
सोमवारी अकराला चौकशीला बोलावलंय. कोण कोण बसणार ते कळवलेलं नाही. मा. नी म्हणे वकील केलाय. यशूला मेसेज टाकला, उद्या येते, भेटायचं नसेल तर खाली उभी राहीन. बघितल्याची खूण आली आहे. उत्तर अजून नाही.