पर्णिकाच्या लग्नातले वादन व इतर व्यवस्था

मी, गोपीनाथ शामुवेल भालेराव, वय ४७, मूळचा अहमदनगरचा, हल्ली राहणार अल मनखूल, दुबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. मुलगी पर्णिका हिचे लग्न ३ जानेवारीला आहे.

१. नगरचे घर व बँकेतली शिल्लक पत्नी गिरिजा हिला. तिने घर विकले तरी माझी हरकत समजू नये.

२. माझा ऑर्गन व स्वरलिपीच्या वह्या माझा विद्यार्थी नीलेश याला. चर्चने हल्ली घेतलेला कीबोर्ड त्याने वाजवू नये. हे वाक्य खोडावेसे वाटते, राहू देतो.

३. पर्णिकाला इंग्लंडच्या राजघराण्यातल्यासारखे लग्न हवे आहे. वादनाची यादी मीच केली: प्रवेशाला ऑर्गनवर तुतारीची चाल, मग स्तोत्र, बाहेर पडताना ऑर्गन पूर्ण आवाजात. प्रवेशाची चाल चार मिनिटांची. दुबईतल्या आमच्या चर्चमध्ये दारापासून वेदीपर्यंत बावीस पावले.

१९९३ साली बहीण विद्युल्लता हिच्या लग्नात मी याच चर्चमध्ये हीच चाल वाजवली. बाबांचा हात धरून ती मिनिटभरात वेदीशी पोचली. मी थांबलो नाही, उरलेली तीन मिनिटे दोघे तिथेच उभे. चाल मध्येच तोडणे मला पाप वाटे. बाबांचे गुडघे दुखायचे. शेवटी ते पायरीवर बसले. लोक हसले. वाजवताना पाठीमागचे दिसावे म्हणून ऑर्गनवर लावलेल्या आरशात मला सगळे दिसत होते. "आटपलं का रे तुझं?" एवढेच ते नंतर म्हणाले. पुन्हा कोणाच्या लग्नाला गेले नाहीत. ते वारले, माफी मागायची राहिली. त्यांचे घड्याळ विद्युल्लतेला द्यावे.

गायनमंडळाच्या साधनाताई मला तेव्हापासून "राजवाड्याचा भोंगा" म्हणतात. त्यांच्यावरचा राग मी सोडला आहे.

४. पर्णिकाच्या लग्नातही मीच वाजवणार होतो. ती म्हणाली, "पपा, देन हू विल वॉक विथ मी?"

"देवदत्तकाका आहे की. नीलेशला ही चाल जमायची नाही."

नीलेशला जमते. बाबांच्या जागी उभे राहायची मला भीती वाटत होती.

म्हणून, मी जगलो तर मी तिच्याबरोबर चालेन. मी गेलो तर लग्न पुढे ढकलू नये, गिरिजाने चालावे. दोन्ही वेळी चाल तीच, वाजवणार नीलेश. त्याने वहीत नव्हे, आरशात पाहावे. पर्णिका वेदीशी पोचली की चाल जिथे असेल तिथे थांबवावी.

दुबई, शुक्रवार, २२ नोव्हेंबर २००२
सही: गो. शा. भालेराव

साक्षीदार:
देवदत्त शामुवेल भालेराव (भाऊ)
साधना रणभिसे (कलम ३ वाचून)