लाल-पांढरी खीर

४ फेब्रुवारी १९४९
मेहुणा आला! भर दुपारी, बांबूच्या टोपल्या विकणारा बनून. मी दारातूनच म्हणालो — नको बाबा, आहेत टोपल्या! "दाजी, मी आहे," तो पुटपुटला. डोंगरात गनिमी टोळीबरोबर काढलेल्या सात आठवड्यांत निम्मा झालाय. मलेरिया.

डच फौज आमच्या योग्या शहरात शिरल्यापासून ज्यांच्या मागे लागलीय त्यांच्या यादीत त्याचं नाव आहे — विरोप्रनोतो. सापडला तर गोळी.

घरात काळजी मात्र त्याच्यापेक्षा माझीच जास्त. "जावईबापूंना खोटं बोलता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. लग्नानंतर एकदाच बोललो, त्यांच्या हातची भाजी छान झालीय म्हणून. तेही पकडलं गेलं.

५ फेब्रुवारी
जगाला क्विनाइन पुरवणारं आमचं जावा, आणि चार गोळ्या मिळेनात!

६ फेब्रुवारी
सासूबाईंचं निदान: नाव जड झालंय. "फाटक्या अंगाला एवढं भारी नाव! ठेवताना तुमचे सासरे ऐकतील तर ना." उपाय ठरलेला — शेजाऱ्यांना जेवण घालून नवं नाव ठेवायचं. आमच्या पाच वारांच्या जुन्या आठवड्यातल्या वागेच्या दिवशी जन्मला म्हणून वागिमिन. हलकं, पेलेल असं.

मग माझ्याकडे वळल्या. "डचांनी विचारलं, विरोप्रनोतो इथे राहतो का, तर काय सांगाल?"
मी प्रश्न शब्दाशब्दाने तपासला. "नाही."
"हे खोटं?"
"खोटं नाही."
"मग झालं तर!"

भूमिती शिकवणाऱ्या माणसाला हे इतक्या लवकर पटावं? डच आल्यापासून शाळा बंद आहे, त्याचा परिणाम असेल.

७ फेब्रुवारी
गोची! नाव ठेवताना शेजारचं एकही घर वगळून चालत नाही. आणि कुंपणापलीकडे राहतो सास्त्रो — डचांच्या कचेरीतला दुभाषा. महिनाभर गल्लीत कोणी त्याच्याशी बोलत नाही.

"त्याला वगळू या," बायको म्हणाली.
"वगळलं तर नाव अर्धंच बदलेल," सासूबाई. "अर्ध्या नावाने ताप उतरतो का?"
"आई, यादी तोच वाचतो!" गोधडीतून मेहुणा.
"म्हणून तर. नवं नाव त्यालाही कळायला हवं."

शेवटी मीच आमंत्रण देऊन आलो. माझ्या खरेपणापायी मी मेहुण्याचा जीव तर घेत नाही ना?

९ फेब्रुवारी
संचारबंदीमुळे जेवण दुपारीच उरकलं. मधोमध भाताचा डोंगर, आणि प्रत्येकापुढे बारशाची खीर — अर्धी गुळाची लाल, अर्धी पांढरी. आमच्या लाल-पांढऱ्या झेंड्यावर बंदी आहे. खिरीवर बंदीचं फर्मान अजून निघालेलं नाही! एरवी भराभर जेवून उठणारी माणसं आज एकेक घास इतक्या अदबीने खात होती, जणू राष्ट्रगीत चालू आहे.

सास्त्रो आला. त्याला कोणी जागा देईना. मग मीच सरकलो. त्याने मेहुण्याकडे पाहिलं, खिरीकडे पाहिलं, आणि वाटी चाटूनपुसून संपवली. जाताना दारात म्हणाला, "खीर छान झाली होती, गुरुजी."

एवढंच. याचा अर्थ काय घ्यायचा?

११ फेब्रुवारी
ताप उतरला. आता सासूबाईंशी बोलायची सोय नाही.

१४ फेब्रुवारी
लेफ्टनंट आला. चार शिपाई, आणि सास्त्रो. मेहुणा ओसरीवरच शेंगा सोलत बसलेला!

मला डच येतं, कॉलेज सगळं डचमधूनच झालं. पण लेफ्टनंटने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. (हे खोटं धरायचं का? नंतर ठरवू.)

तो सास्त्रोला म्हणाला, "विचार याला, बायकोचा भाऊ घरात आहे का?"

प्रश्नात नावच नाही! सासूबाईंचा अख्खा किल्ला एका वाक्यात जमीनदोस्त.

सास्त्रो माझ्याकडे न बघता आमच्या भाषेत म्हणाला, "गुरुजी, विरोप्रनोतो नावाचा कोणी या घरात राहतो का?"



"नाही," मी म्हणालो. आवाज कापला नाही. कापेल कशाला, खरं बोलत होतो!

"आणि हा शेंगावाला?" लेफ्टनंटने सास्त्रोला विचारलं.
"वागिमिन, साहेब. याच्या बारशाला जेवलोय मी."

गेले! मेहुण्याकडे पाहिलं, तर दाणे जमिनीवर टाकलेले आणि टरफलं वाडग्यात नीट जपून ठेवलेली.

१५ फेब्रुवारी
प्रश्न त्याने बदलला, उत्तर मी दिलं. मग खोटं कोण बोललं? मला सगळं कळत होतं, तरी मी गप्प राहिलो. शिवाय काल रात्री झोपही छान लागली — हे त्याहून वाईट.

कुंपणापाशी सास्त्रो दिसला. मी हसलो. "दात दाखवू नका," बायको म्हणाली, "लोक बघतात."

१९ फेब्रुवारी
वागिमिन डोंगरात परत गेला. टोपल्या घेऊन.

२२ फेब्रुवारी
सास्त्रोची बायको आमंत्रण घेऊन आली. उद्या दुपारी त्यांच्याकडे बारसं. अख्ख्या गल्लीला बोलावणं.
"कोणाचं?" मी विचारलं. त्यांच्या घरात तर मूल नाही.
"यांचंच. कचेरीत गेल्यापासून नाव फार जड झालंय म्हणतात."
जाता जाता वळून म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडे टोपल्या आहेत का हो? विकायला नेण्याजोग्या?"